दृश्य झाड, अदृश्य पीक

आषाढी एकादशीच्या दिवशी महाराष्ट्रातल्या घराघरांतून साबुदाण्याची खिचडी शिजते. उपवासाला धान्य वर्ज्य. साबुदाणा मात्र चालतो. आणि तो चालावा हे एका अर्थी यथार्थच आहे, कारण नावात दाणा असला तरी तो दाणा नव्हे. भारतात तयार होणारा साबुदाणा म्हणजे कसावा नावाच्या झाडाच्या मुळांतून काढलेल्या पिष्टाच्या गोळ्या होत. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळी या झाडाचे नावही भारतात कोणास ठाऊक नव्हते. दक्षिण अमेरिकेच्या अरण्यसीमेवरून निघालेले हे झाड समुद्र ओलांडून केरळात आले, तेथून तमिळनाडूत गेले, आणि एका महायुद्धाच्या धामधुमीत मराठी माणसाच्या फराळाच्या ताटात येऊन बसले.

ज्वारीचा शेतकरी बांधावर उभा राहून कणसाकडे पाहतो आणि खळ्यावर किती रास पडेल याचा अदमास घेतो. आंब्याचा बागाईतदार मोहोर पाहून व्यापाऱ्याशी बोलणी करतो. कसावा लावणाऱ्याला ही सोय नाही. त्याचे झाड माणसाहून उंच वाढते, हाताच्या पंजासारखी पाने पसरते, वाऱ्यावर डोलते; परंतु त्याचे पीक असते मातीखाली. आठ-दहा महिने ते त्याच्या दृष्टीस पडत नाही आणि झाड उपटल्यावाचून त्याचा थांग लागत नाही. तेव्हा जे दिसते त्यावरून जे दिसत नाही ते ओळखावे कसे? उंच झाडाखाली कंद अधिक असतात की ठेंगण्या झाडाखाली? पुष्कळ फांद्यांचे झाड चांगले की एकदांडी वाढणारे? हा प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरासाठी माणसाला फार मोठी वाट चालावी लागली, आणि जे उत्तर मिळाले ते बव्हंशी डोळ्यांच्या साक्षीविरुद्ध होते.

कसावा हे एरंडाच्या कुळातले झाड. ॲमेझॉनच्या खोऱ्याच्या दक्षिण सीमेवर, आजच्या ब्राझीलच्या हद्दीत, त्याचे रानटी पूर्वज अद्याप आढळतात. तेथील आदिवासींनी काही हजार वर्षांपूर्वी त्याला माणसाळवले. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर देशात सेरेन नावाचे एक माया खेडे इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या सुमारास ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. २००७ साली तेथील उत्खननात कसाव्याचे शेतच्या शेत उजेडात आले. राखेने जपून ठेवलेल्या त्या सऱ्या-वरंब्यांवरून तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याची लागवडीची शिस्त आजही पाहता येते.

या झाडाची काही लक्षणे ध्यानात घेतल्यावाचून पुढील कथा कळणार नाही. बटाट्याला डोळे असतात. कसाव्याच्या कंदाला ते नसतात, कारण तो फुगलेले मूळ आहे, खोड नव्हे. म्हणून कंद पुरून नवे झाड येत नाही. खोडाच्या कांड्यांचे बेणे लावावे लागते. कांडीला फुटणाऱ्या अनेक मुळांपैकी थोडीच पुढे फुगतात आणि त्यांत पिष्ट साठते. फुगलेल्या मुळांची संख्या, त्यांची लांबी व त्यांचा घेर यांवर झाडाचे उत्पन्न ठरते. बियांपासून उगवलेले प्रत्येक रोप मात्र निराळ्या गुणांचे निघते. एकदा चांगले रोप सापडले म्हणजे त्याच्या कांड्यांपासून हुबेहूब तशीच झाडे पिढ्यान्‌पिढ्या मिळतात. आदिवासी शेतकऱ्यांनी निवड केली ती याच मार्गाने. आपोआप उगवलेले एखादे रोप राखावे, उपटून पाहावे, आवडल्यास त्याच्या कांड्या जपाव्यात. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे कुदळ, आणि कसोटी म्हणजे घरातले मडके.

पोर्तुगीजांनी हे झाड प्रथम आफ्रिकेत नेले आणि त्यांच्याच द्वारे ते मलबारच्या किनाऱ्यावर पोहोचले. मल्याळी माणूस त्याला मरच्चीनी किंवा कप्पा म्हणतो. त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ राम वर्मा यांची कारकीर्द १८८० ते १८८५ अशी अवघी पाच वर्षांची. परंतु या विद्याव्यासंगी राजाने कसाव्याच्या लागवडीस जे उत्तेजन दिले, त्याचे महत्त्व साठ वर्षांनंतर कळून आले. त्रावणकोरात लोकवस्ती दाट आणि भाताची जमीन थोडी. तांदूळ येई तो मोठ्या प्रमाणात ब्रह्मदेशातून. १९४२ साली जपानी सैन्याने ब्रह्मदेश घेतला आणि तो तांदूळ बंद झाला. त्या टंचाईच्या वर्षांत टेकड्यांच्या उतारांवरील कसाव्याने गरिबांच्या चुली पेटत्या ठेवल्या. उकडलेला कप्पा आणि मासळीचे कालवण हा त्यांच्या जगण्याचा आधार झाला.

त्याच युद्धाने दुसरीही एक गोष्ट घडवली. मलाया व सिंगापूर यांच्याकडून येणारा साबुदाणा व त्याचे पीठ बंद पडले. तेव्हा १९४३च्या सुमारास तमिळनाडूतील सेलम येथे कसाव्याच्या पिष्टापासून साबुदाणा करण्याचा उद्योग सुरू झाला. कंद सोलावे, किसावे, दुधासारखे पाणी गाळून निवळू द्यावे, तळाशी बसलेल्या ओलसर पिष्टाच्या गोळ्या पाडाव्यात, त्या तव्यावर शेकून उन्हात वाळवाव्यात, असा तो कारखाना. पुढे सेलम हे देशातील साबुदाण्याचे प्रमुख केंद्र बनले. अशा रीतीने केरळात जे गरिबांचे अन्न होते, ते महाराष्ट्रात उपवासाचे अन्न झाले.

दुष्काळात जे पीक तारते, त्याचे उत्पन्न वाढले तर केवढा लाभ होईल! या विचाराने १९६३ साली तिरुअनंतपुरमजवळ श्रीकार्यम येथे मध्यवर्ती कंदपीक संशोधन संस्थेची स्थापना झाली. त्या काळी केरळात मलायातून आलेला ‘एम-४’ हा वाण चवीसाठी नावाजलेला होता. संस्थेने देशी-विदेशी वाण जमवून त्यांचे संकर केले आणि १९७१ साली ‘एच-९७’, ‘एच-१६५’ व ‘एच-२२६’ हे संकरित वाण दिले. १९७७ साली ‘श्री सह्य’ आणि ‘श्री विशाखम’ आले. त्यांपैकी दुसऱ्याच्या नावात त्या जुन्या राजाची आठवण राहिली आहे. ‘एच-२२६’ने तमिळनाडूतील साबुदाण्याच्या व पिष्टाच्या कारखान्यांना विपुल कच्चा माल पुरवला.

संकराच्या कामात मुख्य अडचण होती ती निवडीची. एका हंगामात शेकडो रोपे उगवतात, आणि प्रत्येक रोप वेगळे. त्यांतले कोणते राखायचे व कोणते टाकायचे, हे लवकर ठरवावे लागते. कारण एका झाडापासून एका वर्षात जेमतेम दहाच्या आसपास कांड्या मिळतात. चुकीच्या झाडाची निवड झाली की चार-पाच वर्षांचे श्रम वाया जातात. म्हणून संशोधक प्रत्येक झाडाची उंची मोजू लागले, खोडाचा घेर घेऊ लागले, पाने व फांद्या मोजू लागले, आणि शेवटी झाड उपटून कंदांची संख्या, लांबी, घेर व वजन टिपू लागले. या आकड्यांतून अर्थ काढण्यासाठी त्यांनी संख्याशास्त्राची दोन साधने हाती घेतली.

पहिले साधन सहसंबंधाचे. दोन गोष्टी बरोबरीने वाढतात की एक वाढता दुसरी घटते, हे एका आकड्यात मांडण्याची रीत इंग्लंडमध्ये कार्ल पिअर्सनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केली. परंतु बरोबरीने वाढणे म्हणजे एकाने दुसऱ्यास वाढवणे नव्हे. सुपीक कोपऱ्यातले झाड उंचही असते आणि त्याखाली कंदही अधिक असतात. म्हणून उंचीने कंद वाढवले असे म्हणता येत नाही, दोन्ही वाढवले ते मातीने. हा घोटाळा सोडवण्यासाठी अमेरिकेच्या शेतकी खात्यातील सूअल राइट यांनी १९२१ साली पथ-विश्लेषणाची पद्धती मांडली. एखाद्या गुणाचा उत्पन्नावर थेट प्रभाव किती आणि दुसऱ्या गुणांच्या आडवाटेने होणारा प्रभाव किती, याची ती फोड करते. १९५९ साली ड्यूई व लू या दोघांनी चाऱ्याच्या एका गवतावर ती वापरली आणि तेव्हापासून पीक-सुधारकांच्या हाती हे साधन रूढ झाले.

कसाव्यावर अशा रीतीने जे पुष्कळ अभ्यास झाले, त्यांतून एक गोष्ट साधारणपणे स्पष्ट झाली. उत्पन्नाशी थेट व भक्कम नाते असते ते कंदांची संख्या आणि एकेका कंदाचे वजन या दोन गुणांचे. झाडाची उंची, पानांची संख्या, फांद्यांचा विस्तार यांचे नाते मात्र बेभरवशाचे. एका शेतात ते अनुकूल दिसते, दुसऱ्यात शून्यावर येते, तर तिसऱ्यात चक्क उलटे होते. म्हणजे जे गुण बाहेरून दिसतात तेच साक्षीला सर्वांत कच्चे! असे का व्हावे, याचे उत्तर आकड्यांत नव्हते; ते झाडाच्या अंतर्गत व्यवहारात होते.

त्या व्यवहाराकडे पाहण्याची दृष्टी ऑस्ट्रेलियातील सी. एम. डोनाल्ड या शास्त्रज्ञाच्या विचारांतून मिळाली. झाडाच्या एकूण वजनापैकी माणसाच्या उपयोगी पडणाऱ्या भागाचे प्रमाण किती, या गुणोत्तराला त्यांनी १९६२ साली नाव दिले. मराठीत त्याला काढणी-निर्देशांक म्हणता येईल. १९६८ साली त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. नुसती चांगली झाडे शोधत बसण्यापेक्षा आदर्श झाड कसे असावे याचे चित्र प्रथम मनाशी रेखावे आणि मग तसे झाड घडवावे, असे त्यांनी सुचवले. जो पीळदार गडी शेजाऱ्यांना रेटून पुढे जातो तो शेतीच्या कामाचा नव्हे. जो शेजाऱ्यांना फारसा त्रास न देता आपले काम करतो तोच दाट पेरणीत उपयोगी पडतो, हे त्यांच्या विचाराचे सार होते.

कसाव्याच्या बाबतीत हा विचार कसोटीला लागला तो दक्षिण अमेरिकेतच. कोलंबिया देशातील काली शहराजवळ १९६७ साली उष्ण कटिबंधीय शेतीचे एक आंतरराष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. तेथे जेम्स कॉक आणि त्यांचे सहकारी यांनी कसाव्याच्या झाडाचा जमाखर्चच मांडला. पाने उन्हात अन्न तयार करतात. त्या अन्नातून नवी पाने व खोड यांचा खर्च अगोदर भागतो आणि शिल्लक राहील ते मुळांत साठते. ज्या कुटुंबात घरखर्च अगोदर भागून उरेल तेवढेच धान्य कणगीत पडते, त्या कुटुंबासारखे हे झाड होय. खाणारी तोंडे कमी असली तर कमावणारे हातही कमी पडतात आणि कणगी भरत नाही. खाणारी तोंडे फार वाढली तर कमाई मोठी असूनही कणगी रिकामीच राहते.

जमिनीच्या जेवढ्या क्षेत्रावर झाड उभे आहे त्याच्या किती पट पानांचे क्षेत्र आहे, या मापाला पर्णक्षेत्र-निर्देशांक म्हणतात. कसाव्याच्या कंदांची वाढ हा आकडा सुमारे तीन ते साडेतीन असताना सर्वांत जोमाची होते. त्यापलीकडे पाने वाढली तर वरची पाने खालच्यांवर सावली धरतात, खालची लवकर गळतात, आणि त्यांच्या जागी नवी पाने आणण्यातच झाडाची कमाई खर्च होते. फार सुपीक जमिनीत किंवा नत्राचा मारा झाल्यावर पीक माजते, हे महाराष्ट्रातला शेतकरीही जाणतो. कसाव्यात असे माजलेले शेत डोळ्यांना भरगच्च दिसते आणि कुदळीला निराश करते.

फांद्यांचे रहस्यही येथेच उलगडले. कसाव्याच्या शेंड्याला फुलोरा आला की त्याची सरळ वाढ थांबते आणि खालून दोन, तीन वा चार फांद्या फुटतात. त्यांनाही पुढे फुलोरा आला की प्रत्येकीच्या पुन्हा तितक्याच. तीनाच्या नऊ आणि नवाच्या सत्तावीस होण्यास वेळ लागत नाही. जे झाड हे सत्र लवकर सुरू करते त्याचा पसारा अफाट वाढतो आणि कणगी उणी राहते. १९७९ साली कॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी आदर्श कसाव्याचे चित्र प्रसिद्ध केले. सहाव्या ते नवव्या महिन्यांपर्यंत फांद्या नसलेले, मोठ्या पानांचे, पान शंभर दिवसांहून अधिक टिकवणारे, नऊ किंवा अधिक कंद धरणारे आणि निम्म्याहून अधिक वजन मुळांत ठेवणारे असे ते झाड होते. पानांची संख्या वाढवण्यापेक्षा आहे ते पान अधिक काळ जगवावे, ही त्यातली मर्माची गोष्ट होय.

तरीही निवडीचा मूळ प्रश्न शिल्लक होता. त्याच केंद्रात काम करणारे जपानी पीक-सुधारक काझुओ कावानो यांच्या ध्यानात एक विचित्र गोष्ट आली. निवडीच्या पहिल्या वर्षी निरनिराळ्या जातींची झाडे शेजारीशेजारी उभी असतात. त्या गर्दीत जे झाड उंच व फांद्यांचे, ते शेजाऱ्यांवर सावली धरते, त्यांचे पाणी व खत ओढते, आणि उपटल्यावर त्याखाली सर्वांत अधिक कंद निघतात. स्वाभाविकच त्याला पहिला क्रमांक मिळतो. पुढे त्याच्याच कांड्यांनी सबंध शेत लावले की चित्र पालटते. आता शेजारी परका उरलेला नसतो. भाऊच भावावर सावली धरतो, आणि उत्पन्न कोसळते. पहिल्या वर्षीचे वजन ही गुणवत्तेची नव्हे, तर शेजाऱ्यांच्या लुटीची मोजणी होती.

यावर कावानो यांनी शोधलेला उपाय सोपा होता. सुरुवातीच्या वर्षांत कंदांच्या वजनाकडे पाहू नये, काढणी-निर्देशांकाकडे पाहावे. लुटीने झाडाचे एकूण वजन वाढते, परंतु त्यातला कितवा भाग मुळांत जातो हा स्वभाव तितक्या सहजी बदलत नाही. म्हणून पुढील उत्पन्नाचे भाकीत प्रत्यक्ष उत्पन्नापेक्षा हे गुणोत्तरच अधिक खरे सांगते. पुढे १९८०च्या दशकात ते थायलंडमध्ये गेले आणि तेथील शास्त्रज्ञांबरोबर काम करू लागले. त्या देशात १९९२ साली प्रसृत झालेला ‘कासेत्सार्ट-५०’ हा वाण थायलंड व व्हिएतनाम यांच्या लक्षावधी एकरांवर पसरला आणि अनेक अल्पभूधारकांच्या घरी त्याने चार पैसे आणले.

तथापि हे सूत्र सर्वत्र पुरे पडेल असे समजणे भ्रामक ठरले असते. आफ्रिकेत झाडाची पाने निरोगी राहतील याचीच शाश्वती नव्हती. १८९४ साली पूर्व आफ्रिकेत कसाव्याच्या पानांवरील एका रोगाची पहिली नोंद झाली. महाराष्ट्रात भेंडीवर केवडा पडतो, त्याच जातीचा हा विषाणूरोग. पांढरी माशी तो पसरवते आणि रोगी बेण्यातूनही तो पुढच्या हंगामात जातो. कमावणारे पानच पिवळे व वेडेवाकडे झाले तर काढणी-निर्देशांक घेऊन काय करावे? टांगानिकातील अमानी येथील संशोधन केंद्रात एच. एच. स्टोरी यांनी १९३०च्या दशकात यावर उपाय शोधला. कसाव्याचाच एक नातेवाईक असलेल्या, ब्राझीलमधील रबराच्या एका झाडात रोगप्रतिकारकता होती. त्याच्याशी कसाव्याचा संकर केला तेव्हा रोग हटला. पण कंदही हटले! मग त्या संततीचा कसाव्याशी पुन्हा संकर, त्याच्या संततीचा पुन्हा, असा तीन पिढ्या संकर करून कंद परत मिळवावे लागले. त्या झाडांचे वंशज पुढे नायजेरियातील इबादान येथे पोहोचले. तेथे १९७१ पासून काम करणारे कोरियन शास्त्रज्ञ सांग की हान यांनी त्यांतून आफ्रिकेसाठी रोगाला दाद न देणारे व भरघोस पिकणारे वाण घडवले.

या इतिहासातून असे दिसते की उत्पन्न हा कोणत्याही एका गुणाचा आज्ञाधारक सेवक नाही. केवळ मुळांचेच प्रमाण वाढवत गेलो तर पाने अपुरी पडतात, तण शिरजोर होते, आणि पुढच्या हंगामाला बेणे उरत नाही; कारण या पिकात वरचा भाग हेच बी. काँगोच्या खोऱ्यात तर पाने हीच रोजची भाजी आहे. तेथील गृहिणीला उणा पाला परवडणार नाही. पिष्टाचे कारखाने अधिक पिष्ट मागतात, केरळची चूल मऊ शिजणारा कंद मागते. म्हणूनच विपुल उत्पन्नाचे संकरित वाण येऊनही ‘एम-४’ची आवड ओसरली नाही. आदर्श झाड कोणते, याचे उत्तर अखेर ते कोणासाठी लावायचे यावर अवलंबून राहते.

आज जगात कसाव्याचे उत्पादन वर्षाला तीस कोटी टनांहून अधिक आहे आणि सर्वांत मोठा उत्पादक नायजेरिया आहे. जगाची सरासरी हेक्टरी दहा-बारा टनांच्या आसपास, तर भारताची तीस टनांहून अधिक. १९७०च्या दशकानंतर केरळातील लागवड घटत गेली. पुष्कळ उतारांवर रबर आले. आफ्रिकेत मात्र कोट्यवधी लोकांचे रोजचे अन्न याच कंदावर चालते. हेक्टरी दहा टनांचे पंधरा झाले, तर तेथे तो आकडा अहवालात राहत नाही. मुलाच्या ताटलीत उतरतो.

ॲमेझॉनच्या आदिवासी शेतकऱ्याने कुदळीने जो प्रश्न विचारला, तोच पिअर्सन व राइट यांच्या गणिताने, कॉकच्या पर्णमापनाने आणि कावानोच्या गुणोत्तराने पुन्हा विचारला. सर्वांच्या उत्तरांचा मेळ घातला तर शेजाऱ्यांना झाकून टाकणारे झाड मोठे दिसते, आणि आपला पसारा आवरून उरलेले मुळाशी ठेवणारे झाड शेत भरते. एकादशीच्या ताटातल्या त्या पांढऱ्या गोळ्यांमागे झाडाचा हा संयम आहे, आणि तो ओळखण्यासाठी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेले कष्टही आहेत.